फरिश्ते भांडत नाहीत

भुताखेतांच्या सिनेमांचा मला मनस्वी तिटकारा आहे. तरीही देवदूतांच्या युद्धाची ती अख्खी मालिका मी कतारला, दोह्यात, ओल्ड एअरपोर्टच्या आमच्या फ्लॅटमध्ये बसून पाहिली, कारण ती दाखवणारा माणूस आमच्याकडे जेवायला यायचा. खालच्या मजल्यावर एकटे राहणारे, मूळचे रत्नागिरीकडचे, वर्ल्ड कपसाठी चाललेल्या एका स्टेडियमच्या कामावरचे ड्राफ्ट्समन. लिफ्टमध्ये मराठी ऐकून नवऱ्याची त्यांची ओळख झाली आणि मला एक भाऊजी मिळाले. शुक्रवारी जुम्म्याची नमाज आटोपून वर यायचे, आमटी-भात ओरपायचे आणि पेन ड्राइव्ह टीव्हीला लावायचे.

सिनेमात देवदूतांचे दोन तट होते. ते माणसांच्या अंगात शिरून एकमेकांशी लढायचे आणि काम झालं की ती माणसं उष्ट्या पत्रावळीसारखी फेकून द्यायचे. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात. इथे तिसऱ्याचा जीव जायचा. मी उशीआडून बघायचे आणि भाऊजी हसायचे.

“खोटं आहे हे सगळं, वहिनी. फरिश्ते भांडत नाहीत. त्यांना स्वतःची मर्जीच नसते. वरून हुकूम आला, काम केलं, खलास.”

“म्हणजे तुमच्या ऑफिससारखंच,” मी म्हणायचे.

त्यांच्या ऑफिसात मात्र भांडणं होती. व्हिसा एका कंपनीचा, काम दुसऱ्या कंपनीकडे, आणि त्या दोघींमधून विस्तव जात नव्हता. त्या वर्षांत देश सोडायलाही कंपनीचं एक्झिट परमिट लागे. भाऊजींना तर दोन्हीकडच्या सह्या लागत.

एका गुरुवारी ते भलत्याच वेळी, दुपारी दारात उभे. चेहरा पार उतरलेला. पहाटे भावाचा फोन आला होता: अम्मी सीरियस आहे, लगेच नीघ. तेव्हापासून ते दोन ऑफिसांत खेटे घालत होते. ही कंपनी म्हणे त्यांची सही आण, ती म्हणे आधी ह्यांची. नवरा दूर रास लफानच्या गॅस प्लांटवर ड्युटीला होता. मी चहा टाकला.

“बोलत बसलो तर रडेन, वहिनी. तो राहिलेला भाग लावू?”

लावा म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

चहा गाळताना माझा फोन वाजला. त्यांची भावजय होती. ईदला आमचं बोलणं व्हायचं.

“भाभी, अम्मी गेली. पहाटेच. मय्यत बर्फावर ठेवलीय. उद्या जुम्म्यानंतर माती द्यायची, तवर ते पोचायला हवेत. त्यांना सांगू नका हां. वाटेत एकटे असतील.”

मी हो म्हटलं. ही रीत मला परकी नव्हती. माझे वडील गेले तेव्हा मलाही ‘सीरियस आहेत’ एवढंच सांगून नाशिकला बोलावून घेतलं होतं. दूरच्या माणसाला मरण फोनवर कळवू नये, प्रवासभर त्याला आशेवर राहू द्यावं, एवढीच त्यामागची माया. मी चहाचे कप घेऊन बाहेर आले आणि त्यांच्याकडे न बघता बसले.

पडद्यावर कुठलंसं शहर जळत होतं. तिकडेच डोळे लावून भाऊजी म्हणाले, “व्हिसाच्या कंपनीतला साहेब काय बोलला माहितेय? आजारपण असेल तर शुक्र-शनीची सुट्टी संपल्यावर, रविवारी बघू. आई मेली असती तर आजच सही दिली असती. दुसरी कंपनीसुद्धा अडवत नाही म्हणे तेव्हा. रूलच आहे तसा.”

माझं डोकं सणकलं. त्या साहेबावर, त्या भावजयीवर, आमच्या सगळ्यांच्या त्या मायेवर.

“भाऊजी, गेल्या त्या. पहाटेच गेल्या. आत्ता घरून फोन आला होता. उठा, सही घ्या.”

ते मग तोंडातल्या तोंडात दुआ पुटपुटले आणि बूट घालू लागले. नाडी काही केल्या बांधता येईना. मी टीव्ही तसाच सोडून पर्स उचलली आणि त्यांच्याबरोबर टॅक्सीत बसले.

साहेब आपल्याच देशातला होता. निघायच्या बेतात, लॅपटॉप बॅगेत भरत होता. सगळं ऐकून घेऊन म्हणाला, “सुबह सीरियस थी, अब मर गई? रोज़ सुनता हूँ ये कहानी.”

मी हिंदीत सांगितलं, इंग्रजीत सांगितलं. आमच्याकडे असंच सांगतात, सीरियस म्हणजे बहुतेक वेळा गेलेलंच असतं. त्याने मला शांतपणे विचारलं, मग सकाळी हा खोटं बोलत होता का? गावाहून मृत्यूचा दाखला मागवा, रविवारी बघू, असं म्हणून त्याने दिवे घालवले. पहाटे गेलेल्या बाईचा दाखला दुपारपर्यंत कोण काढून ठेवतं? मी त्याला लिफ्टपर्यंत बोल बोल बोलले. काही उपयोग झाला नाही.

बाहेर धुळीचा वारा सुटला होता. भाऊजी भिंतीच्या सावलीला उभे राहिले आणि त्यांनी भावाला फोन लावला. वाऱ्यात ऐकू येईना म्हणून स्पीकर चालू करून फोन मी धरला.

“माझ्यासाठी थांबू नका,” ते म्हणाले. “तिला बर्फावर ठेवू नका. आजच माती द्या.”

पलीकडून मग भावाचा आवाज आला, लहान मुलाला समजवावं तसा.

“कसली माती? काहीतरीच काय बोलतोस? अम्मी आहे अजून. सीरियस आहे. तू फक्त नीघ.”