छातीतला लाल ठिपका

ऑफिसच्या भिंतीवरच्या पडद्यावर आमचा प्रत्येक सर्व्हर म्हणजे एक हिरवा ठिपका. तो बिघडला की ठिपका लाल होतो आणि माझ्या फोनवर इशारा येतो. "फार कटकट होते," म्हणून साहेबांनीच ते इशारे बंद करायला लावले आणि सर्व्हर बंद पडल्यावर "डोळे फुटले होते का रे?" असं सगळ्यांदेखत मलाच विचारलं. तेव्हापासून माझ्या छातीत एक ठिपका लाल आहे. भिंतीवरचे दुरुस्तीनंतर हिरवे होतात. अपमानाचा मेला हिरवा होतच नाही.

आज सर्व्हर नुसता शिंकला तरी साहेबांच्या फोनवर इशारा जाईल, अशी सोय मी केली. फोन थरथरत थरथरत टेबलावरून उतरून कॅन्टीनपर्यंत चालत गेला म्हणा ना.

"अरे बाबा, बंद कर हे."

"करतो की. मागे कुणी बंद करायला लावलं होतं, तेवढं सगळ्यांदेखत सांगा."

साहेब पुटपुटले, "मीच."

मी एका सर्व्हरचा इशारा बंद केला. म्हटलं, "बाकीच्यांसाठी जरा मोठ्याने, साहेब."