पोलादपूरचा निरोप

रहस्यकादंबऱ्या वाचायचं मला जुनं व्यसन आहे. निम्म्या पुस्तकात खुनी ओळखता आला नाही तर त्या दिवशी जेवण गोड लागत नाही मला. शाळेतल्या सहकारी बायका चिडवतात, "बाई, तुम्ही पोलिसात जायला हवं होतं." डोंबल पोलिसात! माझ्याच डोक्यात दुसऱ्या कुणीतरी आणून ठेवलेली एक आठवण वर्षानुवर्षं बिनभाड्यानं राहत होती, आणि मी तिला आपली समजून सांभाळत होते.

माझं माहेर महाडचं, अगदी बाजारपेठेतलं. नोकरी लागली ती मात्र पोलादपूरच्या वर, डोंगरमाथ्यावरच्या एका वाडीतल्या शाळेत. पोलादपुरात एसटी स्टँडमागे एक खोली घेतली होती आणि रोज पायवाटेनं वर चढायचे. पावसाळ्यात ढग सरळ वर्गात शिरायचे. फळा ओला व्हायचा, मुलं दिसेनाशी व्हायची, नुसते पाढे ऐकू यायचे. आजही ते दिवस आठवले की मला माणसं दिसत नाहीत, आधी पांढरं धुकं दिसतं आणि मग त्यातून म्हशींच्या घंटा वाजत येतात.

त्या धुक्यातूनच ती पहिल्यांदा आली. माझ्याच वयाची, डोक्यावर इरलं, हातात काठी, पुढं चार म्हशी. मी चिखलात हात टेकून चढत होते. ती वर उभी राहून म्हणाली, "बाई, चढताय का रांगताय गो?" मी भडकले. मला राग यायला वेळ लागत नाही. "हसायला काय झालं?" म्हणून ओरडले, तर ती आणखीच हसली, आणि मग मला हात देऊन वर ओढून घेतलं. त्या दिवसापासून आमचं जमलं. तिच्या घरी तिची आई आणि ती, दोघीच. शाळा सुटली की मी त्यांच्या चुलीपुढं साडी वाळवत बसायची. तिची आई मला बाई म्हणायची नाही, "ये गो पोरी" म्हणायची.

पुढं तिचं लग्न झालं ते महाडात. नवरा एमआयडीसीत पाळीला जायचा. तिनं बाजारात, नदीकडच्या आळीत, ब्लाउज शिवायचं आणि साड्यांना फॉल-पिको करायचं छोटं दुकान टाकलं. तिनं माझं गाव घेतलं आणि मी तिचं. एकमेकींची माहेरं बदलून टाकली, असं आम्ही सगळ्यांना सांगायचो.

ती भाड्यानं राहायची त्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर एक वहिनी होत्या. सगळ्यांच्याच वहिनी. साताऱ्याकडच्या, यजमान सरकारी नोकरीत, म्हणून इकडं आलेल्या. फार गोड बोलायच्या. त्यांनी काही सांगितलं की ऐकणारीला वाटायचं, हे तर आपल्याच मनात होतं. मैत्रिणीला त्यांचा फार आधार वाटायचा. आणि खोटं कशाला बोलू, मलाही वाटायचा.

आता पुराचं सांगायला हवं. सावित्री महाबळेश्वरावरून उतरते, आधी पोलादपूर, मग महाड. महाडच्या दुकानदारांची जुनी रीत अशी की, घाटात पाऊस लागला की पोलादपूरच्या ओळखीच्या माणसाला फोन लावायचा, "तिकडं काय?" तिकडं पाणी चढत असेल तर अजून वेळ आहे. तिकडं उतरलं, की समजायचं ते आपल्याकडं निघालं. त्यात खाडीला भरती असली तर मग बघायलाच नको. माझे वडील म्हणायचे, "पोलादपूरला उतरलं की महाडनं बोचकी बांधावी." आम्ही भावंडं हे ऐकतच वाढलो. डोंगरावर मात्र उलटं असतं. तिथला ओढा बघता बघता चढतो आणि पाऊस थांबला की बघता बघता उतरतो. उतरला की पलीकडं जायचं. माझ्या मैत्रिणीला पाणी माहीत होतं ते हे एवढंच.

ज्या वर्षी पाणी बाजारात फार वर आलं, त्या दिवशी ती दुपारी वहिनींच्या घरात सुखरूप होती. रस्त्यावर पाणी घोट्याएवढं आलं, मग जरा थांबल्यासारखं झालं. आणि ती उठून दुकानात गेली. का गेली, कुणाला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी खाली खाडीकडं, तुडील गावाच्या बाजूला तिचं प्रेत सापडलं.

मी पोलादपुरात होते. त्या दिवसाचं मला खरोखर फार थोडं आठवतं. वीज गेलेली, फोन लागला तर लागायचा. सकाळी तिच्याशी बोलले होते, आवाज तुटत होता, काय बोललो ते पुसून गेलेलं. मग कुणीतरी दारात येऊन सांगितलं, आणि त्यापुढचे कितीतरी दिवस कापसात गुंडाळल्यासारखे गेले. मी जेवत होते की नाही तेही आठवत नाही.

त्या कापसात वहिनींचा आवाज आला. तेराव्याला त्यांनी मला बाजूला घेतलं, पाठीवर हात फिरवला आणि म्हणाल्या, "तू मनाला लावून घेऊ नकोस हं. तू चांगल्यासाठीच म्हणालीस." मी म्हटलं, काय म्हणाले मी? तर म्हणाल्या, "अगं, दुपारी फोन केलास ना तिला? पाणी उतरतंय, आता काळजी नाही, असं. म्हणून तर ती गेली. पण तुझा काय दोष? कुणाला सांगायला जाऊ नकोस. मी आहे."

मी आहे! या दोन शब्दांवर मी किती वर्षं काढली, काय सांगू. दर भेटीत त्या हा विषय काढायच्या, तोही इतक्या मायेनं की नको म्हणवत नसे. दर वेळी थोडं काहीतरी वाढायचं. "खिडकीत उभी आहे म्हणालीस, नाही का?" मग मला खिडकी दिसायला लागली. "नदी दिसतेय म्हणालीस." मग नदी दिसली. गढूळ पाणी, त्यातून हळूहळू वर येणारी काळी खडपं, खिडकीच्या गजांवरून ओघळणारे थेंब, आणि माझाच आवाज, "उतरतंय गं." झोपेच्या काठावर असताना ते सगळं इतकं साफ दिसायचं की मी हात लांब करून गज धरायला जायची. मीच तिला पाण्यात पाठवलं, हे मला माझ्या नावासारखं पाठ झालं.

वर वाडीत मी परत गेले नाही. "तिच्या आईसमोर जाऊ नकोस," वहिनी म्हणाल्या होत्या, "तुला बघून तिच्या जिवाचं काय होईल? मी जाते, मी समजावते तिला." आणि त्या खरंच जायच्या. औषधं न्यायच्या, साडीचोळी न्यायच्या. मी बदली मागून खाली पोलादपूरच्या शाळेत आले. पुढं नदीकाठी घर घेतलं. शिक्षा म्हणून घेतलं म्हणा हवं तर. खिडकीतून तो डोंगर दिसायचा, ढगात असला की बरं वाटायचं, उघडा पडला की मी पडदा ओढून घ्यायची.

परवाच्या पावसात महाडहून भावाचा फोन आला. "ताई, तिकडं काय?" मी भाकरी थापत होते. खिडकीतून नदीकडं पाहिलं आणि बोलून गेले, "इथं उतरायला लागलंय. आता तुमच्याकडं येतंय. सामान माळ्यावर टाका, आणि खाली कुणी जाऊ नका." फोन ठेवला. तव्यावरची भाकरी करपायला लागली, वास घरभर झाला, तरी मी तशीच उभी.

अहो, हे वाक्य मी जन्मभर असंच बोलत आलेय. वडिलांनी असंच म्हटलं, मी असंच म्हटलं. पाणी उतरतंय, आता काळजी नाही, असं महाडची पोर बोलेल? झोपेतसुद्धा बोलणार नाही! हे वाक्य बोलणारं माणूस या नदीवर वाढलेलंच नाही. आणि मग खिडकी. ही खिडकी तर या घरातली. ती गेली तेव्हा मी स्टँडमागच्या खोलीत राहत होते. त्या खोलीतून नदी नव्हे, हॉटेलवाल्याचा कोळशाचा ढीग दिसायचा.

पाणी ओसरल्यावर मी महाडला गेले, वहिनींकडं. रागारागानं पायऱ्या चढले. त्या आता थकल्यात, केस पांढरे झालेत. मला बघून तोंडभर हसल्या, चहा टाकला.

"वहिनी," मी विचारलं, "त्या दिवशी मी तिला नक्की काय म्हणाले?"

"परत कशाला तेच गं?" असं म्हणून त्यांनी सगळं जसंच्या तसं सांगितलं. पाणी, खिडकी, नदी. एक शब्द इकडचा तिकडं नाही.

"कुठली खिडकी? माझ्या त्या खोलीतून नदी दिसत नव्हती."

त्यांचा हात कपावर थांबला. डोळ्यांत काही हललं असेल, नसेल. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून त्या नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "तू दमलीयस. आठवणींचं असंच होतं बघ. तू कशाला शोध घेतेस? तिच्या आईनंसुद्धा तुला कधीच माफ केलंय. मी समजावलंय तिला."

आणि खरं सांगते, क्षणभर मला पुन्हा ती खिडकी दिसली. इतकं गोड बोलतं हे माणूस! मी चहा तसाच ठेवून उठले. मला ओरडायचं होतं, भांडी फेकायची होती. तोंडातून फक्त "येते" एवढंच आलं.

दुसऱ्या दिवशी मी वर गेले. आता वाडीपर्यंत रिक्षा जाते. सगळा डोंगर ढगात होता, वळणं एकामागून एक उगवायची आणि मागं विरघळून जायची. तिची आई ओटीवर बसली होती. बरीच वाकलीय, एका डोळ्यानं कमी दिसतं. मी पायाशी बसले आणि रडायलाच लागले. नीट काही सांगताच येईना. एवढंच म्हणाले, "आई, मी फोन केला नव्हता हो. मी तिला जा म्हणाले नव्हते."

म्हातारी माझा चेहरा हातानं चाचपून बघत म्हणाली, "ठाव हाय मला."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"माझ्या लेकीनं शेवटचा फोन मला केलान. म्हनली, आये, वयनीच्या पोरीच्या लग्नाचा शालू दुकानात ऱ्हायलाय, फॉल लावायला आनलेला. वयनी लय कासावीस झालीय, पानी उतरलंय म्हनते, जाते नि आनते. तुझं नाव नाय काढलं तिनं."

"मग वहिनी तुम्हाला माझं नाव सांगतात, ते?"

"सांगते. मी ऐकते नि गप ऱ्हाते."

"आणि तरी त्यांना घरात घेता?" माझा आवाज चढला. "त्यांच्या हातचं औषध घेता?"

"ती का येते ते मला म्हाईत हाय. तिला यावंच लागतं. येऊ दे." तिनं पदरानं माझं तोंड पुसलं, लहानपणी पुसतात तसं, जरा जोरातच.

"मग मला का नाही बोलावलंत, आई? एक निरोप धाडायचात! मी इथं खालीच होते. मी रोज मरत होते हो."

ओटीपुढचं अंगणसुद्धा ढगात दिसत नव्हतं.

"मला वाटलं, लेक गेली तशी तुझी मायापन गेली," ती म्हणाली. "पाऊस सरला की म्हनायची, आता येल. एक लेक पान्यानं नेली, ती कशी येनार? दुसरी डोंगराखालीच व्हती. ती पन आली नाय गो."