भिंतीला लागून दुसरा राउटर

घरातल्या राउटरमधून वायर काढून दुसऱ्या राउटरला जोडायची आणि मागच्या खोलीपर्यंत वायफाय न्यायचं, एवढंच माझं काम. दुकान अमरावतीत, फिरती अकोल्यापर्यंत. पण वायर ओढायला लोकांच्या घरात पार आत जावं लागतं, आणि तिथून किश्श्याशिवाय परत येणं होत नाही!

*

वलगावच्या काकूंची तक्रार होती, दुसरा राउटर लावूनही रेंज नाही. जाऊन बघतो तर राउटरच दिसेना. काकूंनी कमरेची किल्ली काढून लोखंडी कपाट उघडलं. आत ठेवणीतल्या साड्यांवर राउटर लुकलुकत होता! कपाटाला मागून भोक पाडून वायर आत घेतली होती. लोखंडातून रेंज बाहेर येत नाही, असं समजावून सांगितलं.

"बाहेर ठेवला तं धूळ नाई बसन?"

आता मुलीला व्हिडिओ कॉल करायचा असला की काकू कपाट उघडून समोर पाट मांडून बसतात.

*

मोर्शीला भाऊसाहेबांची संत्र्याची बाग. त्यांनी दुसरा राउटर स्वतःच आणला आणि पहिल्याच्या शेजारी, एकाच फळीवर ठेवला. मधे वायर नाही, काही नाही.

"दोन बैल जुंपले बावा, तरी गाडी काहून हालून नाई राहिली?"

मी वायर ओढून दुसरा मागच्या खोलीत नेला. रेंज आली, पण जोडी फोडल्याचं भाऊसाहेबांना वाईटच वाटलं.

*

उन्हाळा लागला की घरोघरी कूलर निघतात आणि माझा फोन वाजायला लागतो. राउटरसमोर कूलर आला की त्याचा पत्रा आणि टाकीतलं पाणी मिळून रेंज गिळतात. एका मास्तरांना म्हटलं, नेट हवं की गारवा, ते तुम्हीच ठरवा. ते म्हणाले, नेट गेलं खड्ड्यात, कूलरला हात लावायचा नाही. आमच्याकडे यावर कुणी हसत नाही.

*

आता अकोल्याचे नाना. घराची वाटणी झाल्यापासून धाकट्या भावाशी बोलणं बंद, मधे एक भिंत. नानांना दुसरा राउटर नेमका त्या भिंतीला लागून हवा होता. निम्मी रेंज पलीकडे जाईल, असं मी सांगून पाहिलं. जाऊ दे म्हणाले. पासवर्ड काय ठेवू?

"ठेवूच नको."

चहा देताना नानांच्या बायकोनं हळूच सांगितलं, पलीकडची पुतणी परीक्षेचा अभ्यास करतेय, रेंजसाठी भर उन्हात गच्चीवर बसते.

एप्रिलमध्ये त्या धाकट्या भावाचा मला फोन आला. दादाचा कूलर भिंत आणि राउटरच्या मधे आलाय, पोरीचे क्लास अडकतायत, दादाला तेवढं सांगा. म्हटलं, भिंतीपलीकडेच तर आहेत, तुम्हीच सांगा.

"आमी बोलत नाई."

गेलो. निरोप ऐकून नाना उठले. कूलर बंद केला, ढकलत ढकलत अंगणात नेऊन ठेवला आणि घामानं निथळत, पेपरानं वारा घेत बसले.

"त्याले सांगजो," मला म्हणाले, "मी अजूनही बोलून नाई राहिलो."