मागितलेली कुपी

शहाडच्या चाळीत मालन रोज सकाळ-संध्याकाळ सातच्या ठोक्याला स्वतःच्याच घराबाहेर उभी असते, वीस-वीस मिनिटं. घर म्हणजे एकच खोली. आत तिची चौदा वर्षांची प्राची खिडकी उघडून मशीनमधून अँटिबायोटिकची वाफ ओढत असते. प्राचीला जन्मापासून सिस्टिक फायब्रोसिस हा फुप्फुसांचा आजार. छातीतला कफ फणसाच्या चिकासारखा, आणि त्यात जंतू ठाण मांडून बसलेले. वाफ दुसऱ्या कुणाच्या छातीत नको, म्हणून आई बाहेर. नवरा सुरतेला नोकरीला. उरल्या जगात मालनशी बोलणारी एकच, शेजारची मनुबाई.

मनुबाईचं बोलणं म्हणजे तव्यावर टाकलेली मिरची. "काय गो मालन, पोरीनं आज पन भायेर काढली का?" म्हणत ती दारात बोंबील साफ करायला बसायची, आणि वीस मिनिटं कधी सरली ते मालनला कळायचं नाही. साखर, मीठ, तापाची गोळी, या दोन दारांमधून वाटी कधी रिकामी परतली नव्हती.

मे महिन्यात मनुबाईच्या नातीला, वर्षालीला, खोकला लागला. तीन दिवस झाले तरी हटेना. मनुबाईने साखर मागावी तशी प्राचीच्या वाफेच्या औषधाची एक कुपी मागितली, आणि तासभर मशीन. तुझा फ्रीज तर भरलेला हाय, म्हणाली.

मालनला ठाण्याचं हॉस्पिटल आठवलं. पहिला डोस तिथेच बसवून दिलेला, आधी आणि नंतर प्राचीला श्वास मोजायच्या नळीत फुंकायला लावलेलं, कारण या औषधाने कुणाकुणाची छाती एकदम आवळते. घरीसुद्धा आधी श्वासनळी मोकळी करणारा पंप, मग पाठ थोपटून कफ काढणं, मग कुठे कुपी. शिवाय मशीनचा तो तोंडात धरायचा भाग कितीही उकळला तरी तो प्राचीचाच, तिच्या छातीतले जंतू दुसऱ्या पोरीला नकोत. हे सगळं ती सांगायला गेली, पण मनुबाईच्या कानी एवढंच पोचलं की हिला आमच्या पोरीचा विटाळ होतो.

"कुपी नाही देता यायची मनुबाई," मालन म्हणाली. "चला, तिला आत्ता डॉक्टरकडे नेऊ. मी येते."

"तू ऱ्हा भायेरच. सवय हाय तुला."

मनुबाई नातीला घेऊन एकटीच गेली. साधा सर्दी-खोकला निघाला, अँटिबायोटिक लागलंच नाही. मग दोन दिवस तिने चाळभर ऐकवलं, की डॉक्टरनं दिल्या गुलाबी बाटलीनं पोर बरी झाली, कुनापुढं हात पसरायला लागला नाय. मालनला हे ऐकून आधी हायसं वाटलं. बाकीचं नंतर टोचलं.

तिसऱ्या संध्याकाळी मालन दाराबाहेर उभी असताना वर्षाली लंगडी घालत तिच्यापाशी येऊन थांबली. खोकला गेला का गं, असं मालनने विचारलं. पोरीने मान डोलावली.

"आत ये गो," दारामागून मनुबाईचा आवाज आला. "थंडी बाधंल."

मेच्या उकाड्याने मालनच्या पाठीवरून घामाचे ओघळ चालले होते. तिने वर्षालीच्या केसांवरून हात फिरवला. "जा बाळा," ती म्हणाली, "आजी बोलावतेय."