वहीतला तिसरा रकाना

बांधकामाच्या धंद्यात वीट मागवावी लागते, किस्सा न मागवता येऊन पडतो. अकोल्याला जठारपेठेत तायडे काकांच्या ठेकेदारीच्या ऑफिसात मी टायपिंगला लागले, तेव्हापासून रोज एक पान लिहिते. परवा कपाट आवरायला म्हणून त्या वह्या काढल्या आणि आवरणं राहिलं बाजूला, वाचतच बसले. त्यातले मोर्शीकडच्या शाळेचे किस्से तेवढे सांगते.

* * *

शाळा काकांच्याच गावची. जुनी इमारत पाडली होती आणि पोरं बुद्धविहारात बसून शिकत होती. काम मिळालं त्या दिवशी काकांनी कंत्राटाची जाडजूड फाइल माझ्यासमोर ठेवली.

"वाच, सुनंदा. जिंदगीभर नुसत्या सह्या केल्या. या बारीनं समजून करतो."

माझं इंग्रजी बेताचंच. डिक्शनरी घेऊन रोज एक-दोन कलमं मराठीत उतरवायची आणि चहाच्या वेळी काकांना वाचून दाखवायची, असं सुरू झालं.

"माल खराब निघाला तर?"

"आपल्यावर."

"कोनी पडलं, लागलं तर?"

"आपल्यावर."

"त्यायच्या नकाशातच चूक असली तर?"

"आपण वेळेत विचारलं नाही, म्हणून आपल्यावर."

काकांनी कप खाली ठेवला. "आन् शाळा चांगली झाली तर?"

"त्याचं कलम नाही, काका!"

* * *

गुलाब मिस्त्री काकांबरोबर पहिल्या कामापासून. साइटवर आलेले एक साहेब त्याला उभ्या उभ्या म्हणाले, "ही खिडकी जरा पलीकडे घे." मिस्त्रीनं घेतली. पुढच्या महिन्यात त्यांची बदली झाली. नवीन इंजिनिअर साहेबांनी नकाशा उघडला आणि विचारलं, "ही खिडकी इथे कशी?"

"सायबानंच सांगतलं होतं ना!"

"लेखी आहे?"

भिंत फोडली. खिडकी परत जागेवर आली. मिस्त्रीनं मात्र धसका घेतला. आठवड्याभरानं काकांनी त्याला फोन केला, "दोन वाजले बे, जेवला काहून नाई? जेवून घे."

मिस्त्री म्हणाला, "लेखी पाठवा, काका!"

काकांनी खरंच चिठ्ठी पाठवली. 'गुलाबनं जेवून घ्यावे', खाली सही.

* * *

सरकारी कामावर अडथळ्यांची एक वही असते. अडथळा कधी सुरू झाला हा पहिला रकाना, कारण दुसरा, कधी दूर झाला तो तिसरा. खाली साहेबांची सही. ही वही नीट असेल तरच मुदत वाढून मिळते.

शेवटच्या वर्गाच्या पायाच्या मधोमध विजेचा खांब होता. तो हलवायचं काम आमचं नव्हतं, आणि तो हलत नव्हता. काका लिहू देईनात.

"त्या वायरमनची माय वारली, पोरी. त्याच्या नावानं काय लिवतं?"

शेवटी नवीन साहेबांनीच समजावलं. "काका, ही तक्रारवही नाही. काय अडलं आणि कधीपर्यंत, एवढंच लिहायचं. नाही लिहिलं तर उशीर तुमच्या माथी."

मी लिहिलं आणि सहीला नेलं. साहेबांनी वही तशीच परत केली.

"तिसरा रकाना रिकामा आहे. सुरू झालेला अडथळा कधीतरी संपतोच. संपला की तारीख टाका आणि आणा. रिकाम्या रकान्यावर मी सही करत नाही."

त्यांनी कधीच केली नाही. साहेब वहीच्या बाबतीत फार कडक. एकदा मिस्त्रीच्या सांगण्यावरून मी कारण लिहिलं, 'सर्व मजूर कौंडण्यपूरच्या यात्रेला.' साहेबांनी ओळ खोडली. म्हणाले, "हा अडथळा नाही, ताई. हा आनंद आहे!"

* * *

प्लास्टर चालू असताना काकांचे डोळे पिवळे झाले. अमरावतीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी जे सांगितलं, ते महिन्यांत सांगितलं. काकांनी मला फाइल घेऊन बोलावलं.

"मी गेलो तर काय? त्याचंबी कलम असन."

होतं. मी वाचलं. ठेकेदार मरण पावल्यास खात्याला कंत्राट रद्द करता येईल. मग उरलेल्या कामाचं नवीन टेंडर.

"म्हंजे पोरं आनखी दोन वर्सं विहारात." काकांनी फाइल मिटली. मग एकदम हसले. "माह्या मरनाचं कलम काढून ठेवलं यायनं, आन् शाळा चांगली झाली तर त्याचं नाई!"

हसता हसता खोकला लागला. पाणी पिऊन म्हणाले, "मंग आता थांबा लागते."

काकांच्या सहीवाचून फरशी, दारं, सगळं दोन आठवडे अडून राहिलं होतं. निदान तेवढं वहीत लिहू का, असं मी विचारलं.

"नको. माहं दुखनं वहीत नको. ते आपल्यावर."

* * *

काका थांबले. शाळा ताब्यात द्यायच्या दिवशी त्यांना गाडीतून आणलं. वर्गात खुर्चीवर बसवलं. पोरं दारातून डोकावत होती. काकांनी हाक मारली, "गुलाब, खिडकी कुठं हाय रे?"

"लेखी हाय तिथंच, काका!"

साहेबसुद्धा हसले. काम पूर्ण झाल्याचा दाखला त्यांनी काकांच्या हातात दिला. अडथळ्यांच्या वहीत शेवटच्या ओळीखाली पट्टीनं दोन रेघा मारल्या आणि म्हणाले, "संपलं. वही पंधरा दिवसांत ऑफिसला जमा करा."

* * *

आठव्या दिवशी काका गेले.

काकांच्या मातीहून आलेला मिस्त्री ऑफिसच्या पायरीवर बसला होता. जेवला का, विचारलं. त्यानं पाकिटातून ती चिठ्ठी काढली, वाचली, पुन्हा घडी करून ठेवली.

दोन दिवसांनी वही जमा करायला निघाले. निघण्याआधी उघडली. दोन रेघांच्या खाली, पहिल्या रकान्यात तारीख लिहिली. दुसऱ्यात लिहिलं, 'तायडे काका गेले.' तिसरा तसाच ठेवला.

साहेबांनी सवयीप्रमाणे पहिल्या पानापासून वही तपासली. शेवटच्या पानावर आले. त्यांचं बोट ओळीवरून सरकत तिसऱ्या रकान्यापाशी थांबलं.

त्यांनी पेनचं टोपण काढलं आणि सही केली.