तरवडाची ओळख

तरवड ओळखायला मला शेजारच्या काकूंनी शिकवलं. त्या तेलुगू घरच्या. सारं आयुष्य पांढरकवड्यात गेलं, पण नवरात्राच्या दिवसांत त्यांची बतुकम्मा, म्हणजे थाळीत रचलेला फुलांचा मनोरा, चुकत नाही. त्यात तरवड हवाच.

"पिवळं फूल तं टाकळ्याले बी येते," माळावर त्या म्हणाल्या. "पानाच्या बुडाशी पाहा. कानाच्या पाळीवानी दोन गोल पानं दिसली का समजायचं तरवड. शेंग चपटी, कागदासारखी." फुलं तोडताना अर्धी झाडावर ठेवायची, ही त्यांची रीत.

शहाणपण माझ्या पोटात राहत नाही. सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या बायकांत निम्म्यांना शुगर. कोणीतरी म्हणालं, तरवडाच्या फुलांचा चहा शुगरवर चांगला. झालं! मी फोटो काढले, त्या पाळीभोवती लाल गोल केला, शेंग दाखवली, माळाची वाटही ग्रुपवर टाकली. अंगठ्यांचा पाऊस पडला. मी दोन दिवस हवेत होते.

काकूंची लेक यंदाच लग्न होऊन हैदराबादला गेली. तिला सुट्टी नव्हती, म्हणून माहेरची बतुकम्मा काकू तिला फोनवर दाखवणार होत्या. अष्टमीच्या सकाळी त्या माळावर गेल्या आणि रिकामी टोपली घेऊन आल्या.

"कळ्या बी नाही ठेवल्या हो ताई. कोणं नेल्या असन?"

माझ्या गच्चीवर तेव्हा तरवडाची फुलं वाळत होती. मी सगळं सांगून टाकलं. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "मले एकदा पुसाचं होतं," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी बाजारातून टोपलीभर झेंडू आणला. दोघींनी मनोरा रचला. संध्याकाळी बायका त्याच्याभोवती टाळ्या वाजवत फिरत असतानाच लेकीचा व्हिडिओ कॉल आला. तिने तेलुगूत पहिलं तेच विचारलं, अम्मा, तरवड कुठंय? तेवढं तेलुगू मला कळतं.

"यंदा फुललाच नाही," काकू म्हणाल्या. मग फोन माझ्याकडे वळवला. "पाह्य, ताईनं किती झेंडू आणला."

"थँक्यू, ताई!" लेक म्हणाली.

मी हसले. हात हलवून छान हसले. त्या हसण्याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते.