कॉलरला राहिलेला माइक

मालवणच्या जेटीवर घेतलेली एक मुलाखत वाऱ्याने पार खाऊन टाकली, तेव्हा मी चांगला वायरलेस माइक घ्यायचं ठरवलं. मोबाईलवर बातम्या करणारी मी एकटीच; कॅमेरा मी, आवाजही मीच. कणकवलीच्या दुकानदाराने दोन माइक पुढे ठेवले. एक साधा, फोनला जोडायचा. दुसऱ्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, "ह्या माइकात आवाज आतच साठवून रवता. फोनान दगा दिलो तरी भियाचा नाय." मी दुसरा घेतला.

पहिलं काम फोंडाघाटाकडच्या एका गावात होतं. काजूच्या बागांना लागून चिऱ्याची खाण सुरू झाली होती आणि विहिरी आटत चालल्याची कुजबूज होती. खाणीला सगळ्यात जवळची बाग एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची. मी त्याच्या कॉलरला माइक लावला.

"बावीक पाणी आसा," तो विहिरीकडे हात करून, कॅमेऱ्यात बघत म्हणाला. "आमची काय हरकत नाय."

मुलाखत संपली. तो चहा सांगायला आत गेला, कॉलरचा माइक तसाच चालू. माझ्या कानात इयरफोन होते. आतून त्याच्या बायकोचा आवाज आला, "खोटा कित्याक सांगितलात?"

"मग काय सांगू? जावय त्या खाणीवरच कामाक आसा. तेका काढून टाकल्यानी तर पोरीन काय करूचा?"

मी इयरफोन काढायला हवे होते. काढले नाहीत.

परतीच्या वाटेवर तळेऱ्याला पोचल्यावर, ज्यांच्यासाठी बातम्या करते त्या संपादकांना फोन केला. ते म्हणाले, "हीच तर बातमी आहे. लाव." मी हो म्हटलं आणि तिथेच स्कूटरवर बराच वेळ बसून राहिले. शेवटी स्कूटर वळवली.

मी काय ऐकलं ते सांगितल्यावर शेतकरी खळ्यातल्या पेळेवर, अंगणाच्या बुटक्या कठड्यावर, बसला. त्याला राग आला नाही. आला असता तर मला सोपं गेलं असतं. "बाय," तो म्हणाला, "ता पुसून टाक." मी त्याच्यासमोर फोनमधलं पुसलं, माइकमधलंही पुसलं. त्याने मान हलवली, पण त्याचा विश्वास बसला असं वाटलं नाही. संपादकांनी महिनाभर मला काम दिलं नाही. बातमी लागली ती खाणमालकाच्या निवेदनाची.

वैशाखात त्या वाडीतल्या तीन विहिरी कोरड्या पडल्या. मी पुन्हा गेले तेव्हा टँकरभोवती गर्दी होती. शेजारची एक बाई कळशी खाली ठेवून म्हणाली, "तू इल्लस ना गो तेव्हा? मग दाखवलंस कित्याक नाय?"

तो म्हातारा तिच्यामागेच उभा होता. मी खरं सांगितलं असतं तर त्याचं घर उघडं पडलं असतं. मी म्हटलं, "आवाज नीट आला नव्हता."

तिने कळशी उचलली. त्या दिवशी कोणीही माझ्याशी बोलायला तयार झालं नाही. मी तिन्ही विहिरींचे तळ तेवढे चित्रित केले आणि ती बातमी माझ्याच आवाजात दिली. खाण अजून चालू आहे.